शुक्रवार, वागळे इस्टेट

शुक्रवारी शेजारचा प्रेस बंद असतो.
एरवी तो दिवसभर पत्र्यातून वॉशर पाडतो,
एकसारखा, मिनिटाला चौऱ्याण्णव,
आणि माझ्याकडे आलेलं प्रत्येक गाणं
हळूहळू चौऱ्याण्णववर जाऊन बसतं.
गायकांना वाटतं, ही माझी शैली.

म्हणून आवाज घ्यायचा तो शुक्रवारी.
आणि शुक्रवारीच, देखभालीच्या नावाखाली,
वीज जाते.
धंदा सांगून झाला.

गाळा दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट फक्त मालाची.
दारावरची पाटी आधीच्या भाडेकरूची, रबर गास्केट;
काढायची राहिली, मग आवडू लागली.
मीही फटीच बुजवतो.
कोणाचा घसरलेला षड्ज उचलतो, कोणाचा श्वास कापतो.
नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या गाण्यात
जो चाळीस माणसांचा जयघोष आहे
तो मी आणि चहावाला तिवारी.

माझीही गाणी होती. अठरा.
बँडमध्ये चौघं होतो. पहिल्या कार्यक्रमाच्या वेळी
आयोजकानं फोनवर नाव विचारलं,
मी म्हटलं, नंतर कळवतो.
पोस्टरवर छापून आलं: नंतर कळवतो.
सहा वर्षं त्याच नावानं वाजवलं,
उपवनच्या तळ्याकाठी, कॉलेजांत, एकदा पनवेलला,
जिथे आमच्याआधी लकी ड्रॉ होता
आणि ड्रॉ झाल्यावर लोक खुर्च्यांसकट उठले.

फुटलो ते गाण्यांवरून नाही,
अँप कोणाच्या घरी ठेवायचा यावरून.
जेरोम मस्कतला गेला. पल्लवीचा नंबर बदलला.
हर्षल नाखवा, चेंदणीचा, आमचा बेसवाला,
पालिकेत लागला, पाणीखात्यात.
पहाटे चारला व्हॉल्व्ह फिरवतो.
अर्ध्या नौपाड्याची आंघोळ त्याच्या मनगटावर.

मार्चमध्ये हळदीचं गाणं आलं, घणसोलीची पार्टी.
बजेटात बेसवाला बसत नव्हता.
जुन्या डिस्कवर हर्षलचा एक टेक पडून होता,
आमच्या सातव्या गाण्याचा, कधी बाहेर न पडलेल्या.
उचलला. दोन पट्टी वर नेला, पळवला,
वरून बेंजो, वरून ताशा.
विचारलं नाही कुणाला;
भावाचा शर्ट घालून बाहेर पडावं, तसं.

मे महिन्यात रात्री साडेबाराला फोन.
मागे डीजे इतका की शब्दांचे तुकडे पडत होते.
‘भाचीची हळद आहे. तुझं गाणं लागलंय.’
माझं नाही रे, मी फक्त...
‘चौथ्या आवर्तनाला तार घासते. ऐक.’

फोनच्या छिद्रातून बेस येत नाही.
त्याची घासलेली तार तेवढी आली.
‘माझी बोटं आहेत ती,’ तो म्हणाला,
‘सगळी भावकी नाचतेय त्यांच्यावर. आत्यापण.
तिचे गुडघे बदललेत.’

मी पैशांचं काहीतरी पुटपुटलो.
‘ते ऱ्हाऊ दे. ती चूक का नाय काढलीस?
सगळ्यांच्या काढतोस.’
म्हटलं, ऐकूच आली नाही.
चौदा वर्षं ऐकतोय मी ती.

पुढच्या शुक्रवारी ड्यूटीवरून थेट आला.
व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी कोपऱ्यात उभी केली,
खांद्यावरून बेस काढला. तारा तांबूस झालेल्या.
वीज नव्हती. अर्थातच.
पंखा बंद, प्रेस बंद, खाली एकही टेम्पो नाही.

विजेशिवाय बेस म्हणजे फळी.
तो वाजवू लागला, मला नुसतं दिसत होतं.
‘जवळ ये,’ म्हणाला, ‘हनुवटी टेकव.’
मी स्टूल ओढलं, वाकलो,
लाकडाच्या शिंगावर जबडा ठेवला.

सातवं गाणं. मूळ पट्टीत, मूळ चालीत,
चौऱ्याण्णवच्या बरंच खाली.
दाढांमधून चढलं, कानामागे जाऊन थांबलं.
एक आवर्तन. दोन.
चौथ्याला मी डोळे मिटून तयार होतो.

नाही घासली.

त्याचा हात थांबला.
एक आवर्तन मागे गेला,
आणि घासून घेतली.