भोपळ्याच्या आत

परवाना निवडा, असं स्क्रीनवर आलं
आणि मी तशीच बसून राहिले, रात्री साडेअकराला,
मिरजेत, दुकानाच्या पोटमाळ्यावर.
खाली अब्बा उंटाच्या हाडाची घोडी घासत होते.
कानस दोनदा पुढं, एकदा मागं,
मग थांबून तार छेडायची
आणि ‘नाही’ असं फक्त भुवईनं म्हणायचं.

तीन वर्षं मी त्या भुवईचंच सॉफ्टवेअर लिहीत होते.
तार छेडा, मोबाइल जवळ धरा,
ते सांगतं जवारी कुठं खुली, कुठं बंद,
अजून किती केसभर घासायचं.
एकशे बारा सतारी ऐकवल्या त्याला.
चुकलं की अब्बा खोकायचे.
तो खोकलाही आता आत आहे, चौदाव्या फाइलीत.

हे जगाला फुकट द्यायचं होतं,
आणि फुकट द्यायलाही कागद लागतो.

खाली जाऊन मराठीत वाचून दाखवला.
वापरा. नक्कल करा. बदला. वाटा. विका.
“विकासुद्धा?”
व्हय.
“आणि पैसे?”
त्यांचे.
अब्बांनी कानस पुसली.
पुण्याचा एक दुकानदार सतरा वर्षं आमच्या सतारी न्यायचा
आणि मानेवर स्वतःच्या नावाची पितळी पट्टी ठोकायचा,
आमच्या पॉलिशात त्याचे खिळे.
मला वाटलं, आता त्याचा विषय निघणार.
नाही निघाला.

मीच मग दुसरा परवाना काढला, कडक:
उघडं घेतलंस, तर पुढं देताना उघडंच दे.
कुलूप घालायचं नाही.
काय बदललंस ते तारखेसकट लिही.
आधीच्यांची नावं पुसू नकोस.

“हे तर आपल्यातच आहे की,” म्हणाले,
आणि कोपऱ्यातली एक फुटकी सतार उचलली,
उरुसाला आलेल्या कुणाची, टेम्पोत दबलेली.
भोपळ्याची भेग माझ्या मोबाइलच्या उजेडात धरली.

आत पेन्सिल.
म. हुसेन शिकलगार, मिरज, १९५८. भोपळा बेगमपूरचा, बाक थोडा डावीकडं.
त्याखाली दुसरं अक्षर: तबली बदलली, १९७४, यासीन.
त्याखाली कानडीत दोन ओळी, धारवाडकडच्या कुणाच्या असाव्यात.
त्याखाली अब्बांचंच, मी जन्मायच्या आधीचं:
पडदे नवे. आवाज होता तसा ठेवला.

दुरुस्त करणाऱ्याशिवाय हे कुणी वाचत नाही.
वाजवणाऱ्याला तर ठाऊकही नसतं
की मांडीवर आपण केवढी माणसं घेऊन बसलोय.

राहिलं शेवटचं कलम.
ते इंग्रजीत सगळं मोठ्या अक्षरांत असतं, ओरडल्यासारखं.
मी हळूच वाचलं.
जसं आहे तसं. कसलीही हमी नाही.
वापरून नुकसान झाल्यास लिहिणारा जबाबदार नाही.

कानस थांबली.
“हमी नाही म्हणजे? मग आम्ही इथं कशाला बसलोय?”
मी म्हटलं, कायदा आहे, अब्बा. सगळेच लिहितात.
उद्या टोकियोत कुणी घोडी जास्त घासली तर
“तर त्यानं यायचं.”
टोकियोहून?
“मग? हुबळीचा येतो की.”

पहाटे परवाना तसाच्या तसा चढवला.
त्यातला स्वल्पविरामही आपल्याला हलवता येत नाही.
हक्काच्या ओळीत माझं नाव, तहेसीन शिकलगार, आणि साल.
आभाराच्या फाइलीत म. हुसेन, यासीन,
आणि जिथं वाचता आलं नाही तिथं: कानडी, दोन ओळी.
सगळ्यात खाली अब्बांनी सांगितलं ते, मराठीतच,
टोकियोवाल्यानं कुणाकडून तरी वाचून घ्यावं:

जास्त घासली गेली तर घाबरू नका.
घोडी सोबत आणा, सतार आणली तर बरंच.
शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं,
शेजारच्या चहावाल्याकडं बसा.