सहापैकी पाच

सोत्कामोच्या शाळेमागच्या खोलीत
वर्षातून एकदा माशीवाले जमतात.
एकूण सात माणसं. यंदा सहा.
मला पत्र आलं आहे:
तौनोची आवडती माशी कुठली होती?
वार्षिक अंकात छापायचं आहे,
चार ओळी पुरेत.

नाकावर माशी बसू न देणारी बाई मी,
आणि चाळीस वर्षं संसार केला
तो खिशात काड्यापेटी, काड्यापेटीत माश्या
घेऊन जेवायला बसणाऱ्या माणसाशी.
शेजारीण विचारायची, दिवसभर करतो काय गं तुझा नवरा?
मी म्हणायची, माश्या मारतो.
आतून ओरडायचा: मारत नाही, मोजतो!

दंतवैद्य ऑस्मोचं सोपं आहे.
त्याला फुलमाशी आवडते.
गांधीलमाशीचे काळेपिवळे पट्टे उसने घेऊन
हवेत एका जागी टांगून राहते,
नांगी नाही, डंख नाही, नुसता दरारा.
ज्याला बघून अख्खा गाव तोंड मिटतो
त्याला दुसरं काय आवडणार.

पोस्टातल्या सिर्क्काला ती नाचरी.
नर रेशमात गुंडाळून शिकार आणतो,
मादी गाठोडं सोडत बसते, तोवर त्याचं काम उरकतं.
काही नर तर रिकामंच रेशीम आणतात.
हे सांगताना सिर्क्का दर वेळी हसते
आणि दर वेळी
जरा लवकर थांबते.

तौनोचं असं एक काही नव्हतं.
मे महिन्यात विलोच्या फुलोऱ्यावर
ती केसाळ, लांब सोंडेची आली की ती.
जुलैत शेणमाशी.
शेणावर बसते म्हणून काय झालं,
म्हणायचा, सोनेरी लोकर बघ अंगावरची,
तुझ्या लग्नातल्या कोटाला तरी होती का अशी?
(नव्हती. कोट बहिणीचा होता.)

पण खरं लिहायचं तर फेब्रुवारी.
उणे पाच. तलाव आणि आभाळ एकाच रंगाचे.
आणि त्या पांढऱ्यावर
कुणाच्या पेनातून सांडलेलं काहीतरी
चालत निघालेलं.
पंखच नाहीत, माशी म्हणावं तरी कसं,
कोळ्यासारखे लांब पाय,
एवढ्या रानात जोडीदार शोधायला बाहेर पडलेली.
तौनो पालथा, दाढीत बर्फ,
हात पाठीमागे धरून:
आपल्या उबेने मरेल ती, म्हणायचा.

एकदा मीही त्याच्याशेजारी पालथी पडले होते.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

मग साखरेने पाय नासला.
गुडघ्याखालून, डॉक्टर म्हणाले.
तारीख ठरली, खाट ठरली, आणि माशी शिंकली:
हा सही करेना. नऊ दिवस.
दहाव्या दिवशी भिंतीकडे बघत म्हणाला,
ताइमी, थंडी तिच्या पायात शिरली ना,
की ती तो पाय सोडून देते.
गोठणं पोटापर्यंत पोचायच्या आत.
आणि पाचावर चालत राहते.

तिला सहा असतात, मी म्हणाले. तुला दोन.
हिशेब कच्चा आहे खरा,
म्हणाला, आणि पेन मागितलं.

त्यानंतर चार हिवाळे
घसरगाडीवर बसवून
मी त्याला तलावावर ढकलत नेलं.
थांब म्हटलं की थांबायचं.
बर्फावर वाकता यायचं नाही त्याला,
म्हणून मी वाकायची,
आणि मोजून सांगायची.

पत्र अजून टेबलावर आहे.
चार ओळींत यातलं काय बसवू?

आज सकाळी लाकडं आणायला गेले
तर सौनाच्या पायरीपाशी एक.
मी वाकले. सवयीने मोजले.
चार.
आणि चालली होती, जरा तिरकी,
पण चालली होती.

मी श्वास रोखून मागे सरले,
लाकडं तिथेच ठेवली
आणि घराला लांबून वळसा घालून
मागच्या दाराने आत आले.