एकोणतीस

टॉडमॉर्डनच्या कालव्याकाठी, अर्नल्ड ग्रीनवुडच्या स्वयंपाकघरात
अमिगा टेबलावर उताणा पडलाय,
पोटाची झडप उघडी.
आत ॲक्सिलरेटर कार्ड, तेहतीस वर्षांपूर्वी
बायकोपासून लपवून घेतलेलं.
(तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तो सांगतो.)

लक्षण साधंच आहे.
सकाळी, गारठलेला असताना, एका फटक्यात सुरू होतो.
मधेच अडकला, आणि आपण तीन कळा एकदम दाबून
पुन्हा ऊठ म्हटलं,
की काळा पडदा.
कॅप्स लॉकचा दिवा तेवढा लुकलुकत राहतो,
दारावरची थाप ऐकून
उठायचं की नाही ते ठरवणाऱ्यासारखा.

कार्ड काढलं तर बिनतक्रार उठतो.
पण मग गोगलगाय.
ब्रास बँडचं सगळं संगीत त्याने यातच टंकलंय,
एक पान उघडायला एक कप चहा.
शनिवारी कार्यक्रम, आणि दुसऱ्या कॉर्नेटचा कागद
कुणीतरी बसमध्ये विसरलंय.

मी कार्डाच्या सोनेरी दातांवर खोडरबर चोळलं,
मग स्पिरिट.
मल्टिमीटरवर पाचाचे पावणेपाच दिसत होते,
म्हणून दुसरा, विटेएवढा जड वीजपुरवठा आणला.
दुपारभर गुण आला.
संध्याकाळी पहिले पाढे पंचावन्न.

अर्नल्ड हात मागे बांधून उभा.
चाळीस वर्षं गिरणीत माग दुरुस्त केलेला माणूस,
दुसऱ्याच्या कामात बोट घालत नाही.
अगदी शेवटी म्हणाला,
"तो आधी उठतोय. हे नंतर."
तो म्हणजे बोर्ड. हे म्हणजे कार्ड.
रिसेटची हाक एकाला पोचते,
दुसरं अजून मघाचंच वाक्य
पुरं करत बसलेलं.

मग उरलं बंद करून थांबणं.
किती?
दहाला नाही. विसाला लहर लागली तर.
कपॅसिटरांत राहिलेली वीज झिरपून जाईपर्यंत,
म्हणजे तीस.
मी मोठ्याने मोजते, मराठीत.
हॅलिफॅक्सच्या वॉर्डात सव्वीस वर्षं
परक्या मनगटांवरच्या नाड्याही
मराठीतच मोजल्या, फक्त मनात.

एकोणीसला त्याने थांबवलं.
"हा आवाज वेगळा आला."
सांगितलं, विसाला एक उणा.
नऊवर पोचलो की आम्ही
पुढच्या दहाचं नाव आधीच घेऊन टाकतो.
"म्हणजे उधारीवर," तो म्हणाला,
आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसला.

दुसऱ्या कॉर्नेटचा भाग रात्री साडेअकराला
डॉट मॅट्रिक्सने करवतीच्या आवाजात छापला.
शेवटची ओळ फिकी. रिबन वाळलेली.

दोष सापडला नाही.
वहीत तसंच लिहून ठेवलंय, तारखेसह.

परवा फोन केला, तर त्याने घेतला
आणि बोललाच नाही.
पलीकडून यॉर्कशरी घशातून, दगड उचलल्यासारखे,
सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस.
आणि खटका.
तीस तो म्हणतच नाही, त्याला उगाच वाटतं.

पाचातून एकदा काळा पडदा येतो.
मग "उधारी" म्हणतो
आणि पुन्हा
एक.