धुलाईघर, तळमजला

वर वर्ग भरतात. मी खाली.
सहा यंत्रं, एक बाक, एक खिडकी.
खिडकीत नार्वा नदी, नदीपलीकडे दुसरा देश;
तिकडच्या किल्ल्यावरचा बर्फ कधी वितळला
हे मला आमच्या छपराआधी दिसतं.

बेचाळीस देशांची मुलं, असं माहितीपत्रकात छापलंय.
मी त्यांना कपड्यांवरून ओळखते.
थोकोझानी सदरे उलटे करून टाकतो, आईनं शिकवलंय तसे.
वाइराच्या शालीला गरम पाणी चालत नाही:
पहिल्याच दिवशी तिनं बजावलं, तिच्या भाषेत,
आणि मला कळलं.
चादरींना मात्र देश नसतो, असं मी एकदा म्हणाले,
प्राचार्यांनी ते भाषणात घेतलं.
पुढचं नाही घेतलं: डाग असतात की, साहेब,
प्रत्येकीला वेगळे.

ऐबेक आणि फिरूझा एकाच कालव्याच्या दोन काठांचे.
पाणी कुणी किती घ्यायचं यावरून गावांत जुनी उणीदुणी.
वर्गात दोघांनी मिळून त्या कालव्याचा नकाशा केला,
निळ्या खडूनं. बक्षीस मिळालं.
मग एका मंगळवारी फोनवर बातमी:
तिकडे गोळ्या चालल्या,
फिरूझाच्या मामाचं जर्दाळूचं कोठार जळलं.
ती खाली आली. चार नंबर नुकतंच थांबलं होतं.
तिनं ऐबेकचे ओले कपडे एकेक करून काढले
आणि फरशीवर टाकले.
आपटले नाहीत. टाकले.
मी गप्प राहिले.
सुंभ जळतो, पीळ जळत नाही,
हे मला कुठल्या वर्गात शिकायला लागलं नाही;
चाळीस वर्षं पिळतेच आहे.

ऐबेक आला, पाहिलं, उचलले, पुन्हा यंत्रात घातले.
बाक एकच. त्यामुळे दोघं त्याच्यावरच बसले,
त्रेपन्न मिनिटं,
मधे साबणाचा डबा.

वसंतात प्रकल्प आला: जगाचा नागरिक.
प्रत्येकानं एक शोधायचा, मुलाखत घ्यायची.
वाइरा वही घेऊन माझ्याकडे.
मी कपाटातून पासपोर्ट काढला. करडा.
नागरिकत्वाच्या रकान्यात: अनिश्चित.
आईबाप युद्धानंतर इथल्या कापडगिरणीत आले,
मी याच गल्लीत जन्मले.
देश बदलला तेव्हा मी इस्त्री करत होते.
अर्ज होता, परीक्षा होती, भाषा जिभेवर बसेना,
मग राहूनच गेलं.
वाइराचे डोळे लकाकले, "म्हणजे तू साऱ्या जगाची!"
नाही गं पोरी, मी कुठलीच नाही.
फरक एवढाच,
की साऱ्या जगाच्या माणसाला शिष्यवृत्ती मिळते.

तिनं ते लिहून घेतलं. खोडलं.
बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली,
मग पुन्हा लिहिलं.

जूनमध्ये सगळ्या चादरी एकदम येतात.
मोठ्या चादरीची घडी एकट्याला जमत नाही,
समोर दिसेल त्याला मी हाक मारते.
त्या दिवशी ते दोघं दिसले.
दोन टोकांना दोघं, ताणून धरलेलं पांढरं मधे.
घडीला एकमेकांकडे चालत यावं लागतं,
कोपरे हातात देऊन मागे सरावं लागतं.
एकतीस चादरी.
बोलले नाहीत.
पहिल्या दहा मला पुन्हा घालाव्या लागल्या.

आता इमारत रिकामी.
जाताना वाइरानं भिंतीला कागद चिकटवलाय:
इथल्या भाषेच्या चौदा विभक्त्या, ती संध्याकाळी शिकायची त्या.
तीन ठिकाणी चुकलीय, दुकानातल्या कात्रीननं दाखवलं;
मी खोडलेलं नाही.
या भाषेत 'सह'ला वेगळा प्रत्यय, 'शिवाय'ला वेगळा.
'शिवाय' लगेच पाठ झाला.
'सह'शी रोज अडखळते,
मोठ्यानं म्हणते, यंत्रांच्या आवाजात,
पलीकडच्या किल्ल्याला ऐकू जाणार नाही इतपत.
परीक्षा सप्टेंबरात आहे.