तीनशे बारा शुक्रवार

डिस्क एक्क्याण्णव टक्के भरली आहे,
नव्या डिस्कला नगरपालिका पैसे देत नाही,
आणि वाऱ्यामुळे आज फेरीबोट सुटलीच नाही.
म्हणून एस्टोनियात, हिउमा बेटावरच्या संग्रहालयात
उर्मो पाएसालू रात्रभर बसणार आहे.
सर्व्हरच्या पाठीमागे, गरम हवेच्या झोतावर,
त्याचे ओले हातमोजे वाळत घातलेत.

वाइके इथं नोंदी ठेवायची.
एकदा म्हणे एक डिस्क तिच्या देखत गेली.
त्यानंतर दर शुक्रवारी, कोट चढवण्याआधी,
सगळा फोल्डर ती नव्या नावानं उतरवून ठेवायची.
‘जुना’, ‘जुना दोन’, ‘खात्रीचा’, ‘खरा खात्रीचा’,
‘हा पुसू नये’, ‘हासुद्धा’.
सहा वर्षं. तीनशे बारा वेळा.
मार्चमध्ये ती वारली. फोल्डर राहिले.

उर्मो काही पुसणार नाहीये.
नगरपालिकेतल्या हिशेबाच्या बाईला
त्यानं फोनवर दोनदा समजावलं:
नावं राहतील, तारखा राहतील,
नावाखालचं अंग तेवढं एक होईल.
“म्हणजे तीनशे बारा दारं आणि खोली एकच?”
“हो. पण एका दारानं कुणी आत जाऊन भिंत रंगवली,
तर त्या दारापुरती नवी भिंत उभी राहते.
बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.”
ती म्हणाली, खर्च किती?

साडेनऊला काम सुरू झालं.
आधी प्रत्येक तुकड्याचा ठसा.
ठसे जुळले तरी विश्वास नाही:
कर्नेल दोघांना समोरासमोर आणतो,
मध्येच कुणी हलू नये म्हणून धरून ठेवतो,
बाइटला बाइट लावून बघतो.
जुळ्यांची आईसुद्धा एवढं निरखत नाही.
एक जरी वेगळा निघाला, तर नकार.
कारण सांगत नाही, वादही घालत नाही.

दीपस्तंभाच्या जिन्याचा नकाशा: एक.
लोकर कातरणाऱ्या बायका: एक.
चर्चमधल्या गायनमंडळाची तालीम,
जिच्यात तीनशे बारा वेळा खोकलेला म्हातारा
आता एकदाच खोकतो
आणि सगळीकडे ऐकू येतो.

ऐंशी टक्के. एकसष्ट.
उर्मोनं काळ्या ब्रेडवर मासा ठेवून खाल्ला.
पहाटे तीनला चौतीस.

एक यादी मात्र जुळायला तयार नाही.
दोनशे सातवा शुक्रवार.
त्याला वाटलं, डिस्क कुजली असेल तिथं,
म्हणून त्यानं दोन याद्या शेजारी-शेजारी उघडल्या.
कापडगिरणी, अडतीस साल, कामगारांचा फोटो.
दुसरी रांग, डावीकडून चौथी: अज्ञात.
तीनशे अकरा वेळा अज्ञात.
आणि दोनशे सातव्यात:
‘माझी आई असावी. हनुवटी.’

मूळ यादीत नाही, प्रतीत लिहिलं होतं.
चुकून, का मुद्दाम,
ते आता कुणाला विचारायचं?
पुढच्या शुक्रवारी पुन्हा अज्ञातच.

त्यानं फोटो मोठा केला.
मोठा केल्यावर हनुवटी राहत नाही,
करड्या चौकटी राहतात.

मग त्याला ते सुचलं, जे साडेनऊलाच सुचायला हवं होतं:
आता अंग एकच आहे.
त्यावर एक डाग पडला
तर सहा वर्षांचे शुक्रवार एकदम जातील.
बिघडलंय हे मशीनला कळेल,
पण दुरुस्त कशावरून करायचं ते कळणार नाही.
वाइकेला ठसे-बिसे ठाऊक नव्हते.
एवढं ठाऊक होतं.

खणात एक जुनी डिस्क सापडली, खिळ्यांच्या डब्याखाली.
रात्रभर जुळी मिटवून झाल्यावर
तो सगळं पुन्हा एकदा उतरवू लागला.
ही घरी न्यायची. ह्या छपराखाली ठेवायची नाही.
मशीननं नाव विचारलं.
तो बराच वेळ कळफलकाकडे बघत बसला,
मग त्यानं टाइप केलं: ‘हासुद्धा’.

बाहेर अजून काळोख. वारा जरा पडलेला.
त्यानं हातमोजे चढवले.
मनगटाशी ओलेच होते.