चोरकप्पा

अबिलीनमध्ये ट्विला बसवून देते
बायकांच्या पर्सना चोरकप्पा.
"डावखुरी का गं?" एवढंच विचारते.
भीती कुणाची, ते नाही.
मापाला राजम्याचा डबा ठेवते आत,
पट्टा ओढून बघते, खांदा झुकतो का.

रनेटा, रात्रपाळीची नर्स, हसली होती:
जन्मात एका झग्याला धड खिसा नव्हता,
किल्ल्या मुठीत, नोटा छातीशी;
मिळाला पहिला, तो हा.

काल गाडीत धाकटीनं
च्युइंगमसाठी पर्सकडे हात नेला
आणि रनेटाचा फटका मनगटावर
असा बसला
की घरापर्यंत दोघी गप्प.

आज परत आलीय.
"उसवू?"
"नको.
चेन जरा घट्ट बसव,
लहान बोटांना
सरकणार नाही अशी."

ट्विला दोरा ओठांत ओला करते.