एका कानाचा स्टिरिओ

मंगळवार बाजारात, गंजक्या कुलपांखाली मिळाली.
कव्हरवर चार झिपरी पोरं,
मागं निळ्या शाईत: डिक्रूझ, रेल्वे लाइन्स, १९६७.
साठ म्हणाला, चाळीसला दिली.
ही माझी एकविसावी.
गाणी विलायतची, छपाई डमडमची;
पुण्याचे जाणकार नाक मुरडतात, मुरडू देत.

चादरीच्या कातरणीनं पुसून घेतली
रेघेरेघेनं, सूत तुटू नये तशी.

रात्री शेजारी ओरडतात, म्हणून हेडफोन.
डावा कान मागांनी कधीच ठेवून घेतला,
बत्तीस वर्षांच्या पगारात धरून.
ऐकतो तर नुसता ड्रम, नुसती गिटार.
गाणारा आलाच नाही की काय?

यल्लम्मा लसूण सोलता सोलता म्हणाली,
उलटं घालून बघा की ओ.

घातलं.
आणि उजव्या कानाशी येऊन
तो पोरगा गायला लागला, एकटाच,
साथीला कुणी नाही, खोकलासुद्धा ऐकू आला.

त्या काळी वाटण्या अशाच व्हायच्या म्हणे:
एका भिंतीला गळा, एका भिंतीला वाद्यं.

आता प्रत्येक बाजू दोनदा लावतो.
एकदा ताणा, एकदा बाणा.
विणायचं मधे, डोळे मिटून.

डिक्रूझला दोन्ही कान असणार.
चैन असते एकेकाची.